तांबडी खुडूक बसली

[दृश्य: पहाट. मांगराची चिऱ्याची भिंत. खुराड्याची फळी वर सरकते.]

गोव्यातला सत्तरी तालुका. केरी गाव मागे टाकलं की चोर्ला घाटाची चढण लागायच्या आधी हे घर. फळी निघाली की पहिला मान कोंबड्याचा. त्याच्या मागून कोंबड्या, आणि शेवटी एकमेकींच्या पायांत येणाऱ्या तलंगा, अजून अंड्यावर न आलेल्या. आजी सुपातून कणी फेकतात आणि फेकता फेकताच मोजतात. एक कमी आहे.

तांबडी बाहेर आलेली नाही. ती खुडूक बसली आहे, म्हणजे अंडी उबवायला.

[दृश्य: खुराड्याचा कोपरा. तांबडी, अगदी जवळून.]

अंग पसरून, पिसं फुलवून बसली आहे. हात जवळ गेला की घशातून घरघर, आणि त्यापुढे गेलात तर टोच. पोटाखालची पिसं गळून कातडी उघडी पडली आहे. अंड्याला ऊब लागते ती ह्या उघड्या कातडीची.

अंड्यांच्या धंद्यात खुडूक बसणं हा अवगुण. खुडूक कोंबडी अंडी देत नाही, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या निवड करून तो काढून टाकला गेला. पिंजऱ्यातली पांढरी कोंबडी वर्षाला 300च्या आसपास अंडी घालते, पण पिल्लू काढणं तिच्या गावीही नसतं. परसात पाळण्यासाठी तयार केलेल्या वनराजा आणि ग्रामप्रिया ह्या जाती गावठीपेक्षा जास्त अंडी देतात, वनराजा वजनही लवकर धरते. पण त्याही सहसा खुडूक बसत नाहीत. कोंबड्या संपल्या की पुन्हा पिल्लं विकत आणा. तांबडी अंडी साठ-सत्तरच देईल, तीही लहान. पण आपल्यामागे कोण, हे ती स्वतः बघते. गोव्यात बाजारातली बहुतेक अंडी घाटापलीकडून ट्रकने येतात, तेव्हा ह्या एका गुणाची किंमत हिशेबात धरायला हवी की नको?

खुडूक मोडायचे उपायही आहेत. पाण्यात बुडवतात, डालग्याखाली कोंडतात, काही जण नाकपुडीत पीस खुपसतात. आजी ह्यातलं काही करत नाहीत.

[दृश्य: जुन्या मराठी वर्तमानपत्रावर मांडलेली अंडी. आजींचे हात.]

निवड बघा. फार मोठं अंडं नको, टोकाला बारीक झालेलं नको, पातळ टरफलाचं तर नकोच. दहा दिवसांपेक्षा जुनं बाजूला. लागलेली घाण कोरड्या फडक्याने पुसायची. धुवायचं नाही, कारण टरफलावर एक पातळ लेप असतो, तो गेला की आत जंतू शिरायला वाट मोकळी. अकरा अंडी ठरली. प्रत्येकावर कोळशाने एक रेघ. दुसरी कोंबडी संधी साधून आपलं अंडं त्यात घालून जाते, आणि रेघ नसली की नवं कुठलं ते कळत नाही.

डालग्यात भाताचं गवत, गवताखाली एक लोखंडी खिळा. वीज कडाडली तरी अंडी नासू नयेत म्हणून. खिळ्याने काय होतं ते आम्ही विचारलं नाही. गवत मात्र कोरडंच लागतं, म्हणून पावसाळ्यात आजी अंडी बसवत नाहीत.

[दृश्य: काळोख. नातवाच्या मोबाइलचा टॉर्च, मुठीत अंडं.]

सातवी रात्र. अंड्याच्या रुंद टोकाला उजेड लावला की मध्ये एक काळा ठिपका, आणि त्याच्यापासून कोळ्याच्या जाळ्यासारख्या फुटलेल्या लाल शिरा. ठिपका हलतो. पुन्हा बघा, हलला. हे दुसरं मात्र नितळ, आरपार. वांझ. ते उकडून पुढे पिल्लांनाच घालणार.

दिवसातून एकदाच ती उठते. कॅमेऱ्याला सापडली ती टळटळीत दुपारी. घाईघाईने कणी, पाणी, चुलीच्या राखेत दोन लोळणं, की परत. बसायच्या आधी चोचीने एकेक अंडं पोटाखाली ओढते, आणि ओढता ओढता फिरवते. फिरवलं नाही तर आतला गर्भ टरफलाला चिकटतो. उबवणी यंत्रात 37.5 अंश तापमान राखायला तारा आणि काटे लागतात, वीज गेली की सगळ्यांची धावपळ.

विसावा दिवस. माइक डालग्याच्या कडेला धरून घेतलेला हा आवाज आहे. तांबडीचा नव्हे. अंड्याच्या आतून येणारा.

[निवेदन थांबते. चिवचिव, आणि त्याला तांबडीचं हळू उत्तर.]

एकविसाव्या दिवशी टरफलाला पहिली भेग. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक बारीक कठीण दाणा असतो, त्याने ते आतून फोडतं. नंतर तो गळून जातो. अकरातून नऊ निघाली. पहिले दोन दिवस त्यांना खायला घालायची घाई नको, अंड्यातला पिवळा बलक पोटात ओढून घेऊनच ती बाहेर येतात. त्यानंतर बारीक कणी, आणि नातू वारूळ खणून आणतो ती वाळवी. ही झुंबड वाळवीसाठीच आहे. मोठ्यांना तिसऱ्यांच्या शिंपल्या कुटून घालतात. कालवण आपल्याला, चुना कोंबडीला.

[दृश्य: अंगण. तांबडी पिल्लांना घेऊन माती उकरते.]

मागे ऐकू येतोय तो घरचा कोंबडा नाही. रानकोंबडा आहे, काजूच्या बागेपलीकडचा. पाळीव कोंबडीचं मूळ तांबड्या रानकोंबड्यात. पण अनेक कोंबड्यांच्या पायांवर दिसते ती पिवळी कातडी आपल्या सह्याद्रीत ओरडणाऱ्या ह्या राखी रानकोंबड्याकडून आली, असं 2008 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसलं. म्हणजे शेजारी नव्हे, सोयराच.

आणि ही घार. तांबडीचा सूर कसा बदलला बघा, आणि नऊ पिल्लं कुठे गेली तेही.

दोन पिल्लं पुढे मुंगसाने नेली, ते चित्रीकरणात नाही. मानमोडी, म्हणजे राणीखेत रोग, शिरली तर सगळं खुराडं चार दिवसांत रिकामं होतं. लस आहे, पहिल्या आठवड्यात डोळ्यात एक थेंब, पण कुपी शंभर किंवा त्याहून जास्त डोसांची, आणि एकदा विरघळवली की दोन तासांत संपवावी लागते. आजूबाजूच्या चार घरांनी मिळून आणली तरच जमतं.

[दृश्य: दोन महिन्यांनंतर. तांबडी एका पिल्लाला टोचून हाकलते.]

आता ती कुणाची आई नाही. पंधरवड्यात पुन्हा अंडी सुरू करेल. सातांतले चार कोंबडे निघाले. एक राखणदाराच्या, गाव राखणाऱ्या देवाच्या, राखणीला ठेवायचा, बाकीचे अंगात भरले की एकेका रविवारी वाटलेल्या मसाल्यात, शागोतीच्या रश्श्याला. गावठी कोंबडा तयार व्हायला पाच-सहा महिने घेतो आणि शिजायलाही वेळ घेतो. रस्सा तसा होतो तो त्यामुळेच.

तीन तलंगा उरल्या. एक घरी राहील. दोन वाळपईच्या लेकीकडे जाणार आहेत, अर्धेलीने. तिच्याकडे त्या खुडूक बसल्या की निम्मी पिल्लं परत इथे.