माकड नाही, मग नारळ पाडला कुणी?

नारळाच्या दुधाचा विषय निघाला की हल्ली पहिला प्रश्न माकडांचा येतो, आणि तो यायलाच हवा. पेटा एशिया या प्राणिहक्कांसाठी काम करणाऱ्या संस्थेनं २०२० साली थायलंडमधल्या बागांतली दृश्यं लोकांसमोर आणली. आखूड शेपटीची मकाक माकडं, गळ्यात साखळी, नारळ पाडायचं काम नसेल तेव्हा एकेकटी बांधून किंवा पिंजऱ्यात ठेवलेली. कळपात राहणाऱ्या प्राण्याला असं एकटं ठेवणं हीच मोठी शिक्षा आहे. ब्रिटनमधल्या वेटरोज, को-ऑप अशा दुकानसाखळ्यांनी असा माल ठेवणार नाही असं जाहीर केलं. थायलंडच्या सरकारनं आणि उद्योगानं मात्र ही पद्धत आता जवळपास उरलेलीच नाही, असं सांगितलं.

खरं काय ते नारळाच्या दुधाच्या डब्यावरून कळत नाही, आणि माझी मुख्य तक्रार हीच आहे. छोट्या शेतकऱ्याचा नारळ दलालाकडे जातो. तिथे दहा बागांचा माल एका ढिगात पडतो. मग सोलणारा, मग कारखाना. सोलून खोबरं निघालं की तो नारळ कुणी पाडला हे जगातली कुठलीही प्रयोगशाळा सांगू शकत नाही. म्हणून कंपनी ‘आमच्या बागा तपासलेल्या आहेत’ म्हणाली की मी विचारते, दलालाकडून किती माल घेता? त्याची नोंद कोण ठेवतं? ‘माकडमुक्त’ या शिक्क्याचं वजन या उत्तरावर ठरतं.

पण समजा, माकड खरोखरच नाही. मग वर कोण चढलं? नारळाच्या उंच जाती तीस मीटरपर्यंत वाढतात. तिथून पडलेला माणूस वाचला तरी अनेकदा पुन्हा उभा राहत नाही, आणि रोजंदारीवरच्या माणसाचा विमा क्वचितच असतो. डब्यावर माकडाचं चित्र खोडून दाखवता येतं; या माणसाचा उल्लेख मी अजून कुठल्या डब्यावर पाहिलेला नाही.

उपाय आहे. ठेंगण्या जाती साधारण तीन-चार वर्षांत फळ देऊ लागतात आणि बरीच वर्षं त्यांचे नारळ जमिनीवरून किंवा छोट्या आकडीनं काढता येतात. मात्र जुनी झाडं तोडून नवी लावायची तर मधली वर्षं शेतकऱ्यानं खायचं काय? फिलिपिन्समध्ये सत्तरच्या दशकात नारळ उत्पादकांच्या विकासाच्या नावानं त्यांच्याकडूनच कर गोळा केला गेला. राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस यांच्या राजवटीत तो सत्तेजवळच्या लोकांच्या हाती गेला. तो पैसा शेतकऱ्यांसाठी वापरण्याचा कायदा व्हायला २०२१ उजाडलं. इतका काळ वाट पाहणाऱ्या माणसाला नवी रोपं लावायला सांगणं सोपं आहे, परवडवून देणं अवघड. म्हणूनच नुसता बहिष्कार मला अपुरा वाटतो. त्यानं दलाल दुसरा गिऱ्हाईक शोधतो, बागेत काहीच बदलत नाही.

डबा निवडताना ‘सेंद्रिय’ या शब्दावर भिस्त ठेवू नका. तो खतं-औषधांबद्दल बोलतो, मजुरीबद्दल नाही. फेअरट्रेड, म्हणजे शेतकऱ्याला न्याय्य व्यवहार मिळावा यासाठीच्या शिक्क्याच्या व्यवस्थेत, मालाच्या किमतीवर एक वेगळी रक्कम शेतकऱ्यांच्या संघटनेला मिळते आणि तिचा खर्च संघटनाच ठरवते. हे मला महत्त्वाचं वाटतं. शिक्का नसेल तर कंपनीला पत्र लिहा: नारळ कुठल्या भागातला, कुणी पाडला, पाडणाऱ्याला विमा आहे का. गोलमोल उत्तर हेही उत्तरच असतं.

घटकांची यादीही वाचा. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय मानकानुसार नारळाच्या दुधात किमान १० टक्के स्निग्धांश हवा, ‘लाइट’मध्ये ५ टक्के पुरतो. म्हणजे ‘लाइट’ घेताना आपण बरंचसं पाणी विकत घेतो. ते घरीच मिसळता येतं. थर वेगळे होऊ नयेत म्हणून ग्वार गम, म्हणजे गवारीच्या बियांपासूनचा डिंक, घालतात. तो नसेल तर वर घट्ट साय जमते. ती पाहून डबा खराब झाला असं समजून फेकू नका, हलवून घ्या.

शिजवताना आच मंद ठेवा. खळखळून उकळलं की प्रथिनं गोठतात आणि तेल सुटतं. आंबट पदार्थानंही दूध फाटू शकतं, म्हणून ते शेवटी घालून नुसतं गरम करा. उरलेलं दूध डब्यातच ठेवू नका. काचेच्या बरणीत, फ्रिजमध्ये तीन-चार दिवस टिकतं. त्याहून जास्त ठेवायचं असेल तर बर्फाच्या साच्यात गोठवा आणि लागेल तेवढेच खडे काढा. वितळल्यावर दूध थोडं दाणेदार दिसतं, गरम करून फेटलं की पुन्हा एकजीव होतं.