काऊबॉयपटांचा राखणदार

मित्रहो,

१९४८ साली युनिव्हर्सल स्टुडिओनं आपल्याच मूकपटांच्या उरल्यासुरल्या निगेटिव्ह नष्ट करून टाकल्या. नायट्रेटची ती फिल्म, ठिणगी पडली की भडकणार. ती सांभाळायला खर्च, आणि बोलपट आल्यावर मूकपटाला गिऱ्हाईक नाही. त्याआधी जुलै १९३७मध्ये न्यू जर्सीतल्या लिटल फेरी गावी फॉक्स कंपनीचं फिल्मचं गोदाम जळून गेलं होतं. टॉम मिक्स म्हणजे १९२०च्या दशकातला पोराटोरांचा लाडका काऊबॉय. त्यानं फॉक्ससाठी केलेले बहुतेक सिनेमे आज कुठेच मिळत नाहीत. लायब्ररी ऑफ काँग्रेसनं, म्हणजे अमेरिकेच्या राष्ट्रीय ग्रंथालयानं, २०१३ साली हिशेब मांडला, तेव्हा अमेरिकेतल्या पूर्ण लांबीच्या सुमारे ११,००० मूकपटांपैकी मूळ स्वरूपात पूर्ण शिल्लक निघाले ते जेमतेम १४ टक्के.

हे आकडे आधी सांगितले, कारण त्याशिवाय विल्यम के. एव्हरसन या सिनेमे जमवणाऱ्या माणसानं काय केलं ते ध्यानात येत नाही.

एव्हरसनचा जन्म १९२९चा, इंग्लंडमधल्या योव्हिलचा. म्हणजे ज्या टेक्सास-अ‍ॅरिझोनावर त्याचा जीव जडला तिथून हजारो मैल लांब. सिनेमाचं वेड पोरवयापासूनचं. १९५० साली, विशी नुकतीच ओलांडलेली असताना, तो न्यूयॉर्कला आला आणि मोनोग्रॅम, म्हणजे पुढची अलाइड आर्टिस्ट्स, या कंपनीत प्रसिद्धीच्या कामाला लागला. शनिवारी दुपारी मुलांच्या गर्दीसाठी लागायचे ते स्वस्तातले काऊबॉयपट झटपट उरकणाऱ्या कंपन्यांपैकी ही एक. समीक्षक त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नसत. एव्हरसन मात्र ते पाहत होता, टिपून ठेवत होता आणि प्रिंट जमवत होता.

इथे एक तांत्रिक गोष्ट समजून घ्या. जुनी ३५ मिलिमीटरची फिल्म नायट्रेटची, पण १६ मिलिमीटरची फिल्म पहिल्यापासून सहजी न पेटणाऱ्या अ‍ॅसिटेटवर निघायची. म्हणून तर मॅनहॅटनमधल्या राहत्या घरात डब्यांच्या चळती लावणं त्याला शक्य झालं. कायद्याची बाजू मात्र अवघड होती. सिनेमाचा हक्क स्टुडिओकडे, मग खासगी माणसानं प्रिंट बाळगायची की नाही? १९७४ साली नट रॉडी मॅकडॉवलच्या घरावर एफबीआयनं धाड घातली आणि त्याचा संग्रह उचलून नेला. संग्राहकांवर ही टांगती तलवार होती. आणि ज्यांनी सिनेमे जाळले, भंगारात काढले, त्यांना कुणी जाब विचारला नाही! मला याचा आजही संताप येतो.

नुसतं जमवणारे पुष्कळ असतात. एव्हरसन दाखवायचा. न्यूयॉर्कच्या थिओडोर हफ फिल्म सोसायटीत तो वर्षानुवर्षं खेळ लावत राहिला, आणि प्रत्येक खेळाला स्वतः टंकलेलं, सायक्लोस्टाइल केलेलं टिपण प्रेक्षकाच्या हातात द्यायचा. सिनेमा कुणी काढला, त्यात नवं काय, फसलंय काय, सगळं त्यात असायचं. लाडक्या नटाचा सिनेमा रद्दी असेल तर तसं स्पष्ट लिहायचं. माझ्या मते चाहता इतिहासकार झाला तो याच कागदांवर. १९६२ साली जॉर्ज फेनिनसोबत त्यानं वेस्टर्नचा, म्हणजे काऊबॉयपटांचा, जाडजूड इतिहास लिहिला, पुढे न्यूयॉर्क विद्यापीठात शिकवलं, पण त्या सगळ्याचं बी या टिपणांत होतं.

एव्हरसननं ज्याला हक्काचा मान मिळवून दिला तो नट म्हणजे विल्यम एस. हार्ट. रंगभूमीवर उमेदीची वर्षं घालवलेला हा माणूस पन्नाशीला टेकल्यावर, १९१४ साली सिनेमात आला. मळके कपडे, धुळीनं भरलेली गावं, दगडी चेहरा. टॉम मिक्सचा झगमगाट त्याच्याकडे नाही. १९१६च्या 'हेल्स हिंजेस'मध्ये तो शेवटी अख्खं पापी गाव पेटवून देतो. तो उंच, सडपातळ माणूस धुरातून पुढे येताना पाहिला की नीतिकथेचा भाबडेपणा विसरायला होतो. १९२५चा 'टम्बलवीड्स' हा त्याचा शेवटचा सिनेमा. १९३९ साली तो पुन्हा प्रदर्शित झाला तेव्हा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावरचा हार्ट कॅलिफोर्नियातल्या न्यूहॉलच्या आपल्या रँचवर कॅमेऱ्यासमोर उभा राहिला. त्याचा आवाज प्रेक्षकांनी पडद्यावर ऐकला तो तेवढाच. नाटकातला कमावलेला, घुमणारा आवाज. तो आठवणी सांगतो: तोंडावर येणारा वारा, टापांची धूळ, आणि त्याचा गेलेला घोडा फ्रिट्झ. बोलता बोलता गळा दाटून येतो. कुणाला हे अतिनाट्य वाटेल. मला नाही वाटत. माणूस आपल्या आयुष्याचा निरोप घेतोय, तो असाच घेणार.

प्रेम असलं तरी हिशेब चोख हवा. जॉन फोर्डच्या १९३९च्या 'स्टेजकोच'मध्ये स्टंटमन याकिमा कॅनट धावत्या घोड्यांमधून खाली पडतो आणि सबंध गाडी त्याच्या अंगावरून निघून जाते. असा पराक्रम पडद्यावर क्वचितच दिसतो. पण त्याच काळात घोडे पाडायला त्यांच्या पुढच्या पायांना तार बांधत. घोडा भरधाव सुटला की तार ताणली जायची आणि तो तोंडावर आपटायचा. कितीतरी घोड्यांचे पाय मोडले, जीव गेले. १९३९च्याच 'जेसी जेम्स'साठी कड्यावरून पाण्यात ढकललेला घोडा मेला, ओरड झाली, आणि १९४०पासून अमेरिकन ह्युमेन ही संस्था हॉलिवूडमधल्या चित्रीकरणावर देखरेख करू लागली. ज्याला कॅनटची उडी आवडते त्यानं ती तारही पाहिली पाहिजे.

असाच दुसरा वेडा म्हणजे एव्हरसनचा मित्र अ‍ॅलेक्स गॉर्डन. इंग्लंडात गाणारा काऊबॉय जीन ऑट्री याचा फॅन क्लब चालवणारा हा तरुण १९४७ साली अमेरिकेत आला, आणि पुढे त्याच फॉक्स कंपनीत हरवलेले सिनेमे हुडकण्याच्या कामावर लागला. पुण्याला हे नवं नाही. लहानपणी सिनेमाची तिकिटं जपणारे पी. के. नायर इथेच राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात डबे गोळा करत राहिले. फाळक्यांच्या चित्रपटांची जी रिळं आज आपण पाहू शकतो ती त्यांच्यामुळे. आणि २००३च्या जानेवारीत प्रभातच्या जुन्या व्हॉल्टमध्ये नायट्रेट फिल्मला लागलेली आगही याच शहरातली.

१९९६ साली एव्हरसन गेला. त्याच्या प्रिंट रॉचेस्टरच्या जॉर्ज ईस्टमन हाऊसकडे गेल्या, टिपणं न्यूयॉर्क विद्यापीठात आहेत आणि कुणालाही वाचता येतात. जरूर वाचा.

आता आपण पाहणार आहोत १९१७चा 'स्ट्रेट शूटिंग'. तेवीस वर्षांच्या जॉन फोर्डचा हा पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा. तोही युनिव्हर्सलचाच, आणि कित्येक वर्षं हरवलेलाच होता. १९६०च्या दशकात त्याची प्रिंट सापडली ती प्रागच्या संग्रहालयात. डोंगर चिरून काढलेली अरुंद खिंड येईल ती न्यूहॉलजवळची बील्स कट. 'स्टेजकोच'मध्ये फोर्ड पुन्हा तिथेच गेला. आणि यातला नायक हॅरी कॅरी याच्या हातांवर नजर ठेवा. एका हातानं दुसऱ्या हाताचं कोपर धरायची त्याची लकब आहे. फोर्डच्याच १९५६च्या 'द सर्चर्स'च्या अखेरीस दारात उभा राहून जॉन वेन जे करतो ते कॅरीच्या आठवणीसाठी. कॅरीची बायको ऑलिव्ह तेव्हा समोरच होती, त्या सिनेमात तीही आहे. रिळ जुनं आहे, मध्ये मध्ये चरे दिसतील. दिवे घालवा.