दीड कागदाच्या जाडीपलीकडे

श्रोतेहो, नमस्कार.

कोरोनात घेतलेला ऑक्सिमीटर अजून बऱ्याच घरांत कपाटात पडून आहे. शेक घ्यायला, म्हणजे रेडिएशनला, निघालेल्या पेशंटच्या बोटाला तो लावतात आणि म्हणतात, अठ्ठ्याण्णव आहे, ऑक्सिजन भरपूर. बोटात भरपूर आहे, खरंय. पण कॅन्सरच्या गाठीच्या पोटात किती आहे, ते त्या यंत्राला कळत नाही.

ते कळलं 1955 साली, इंग्लंडमध्ये, टॉमलिन्सन आणि ग्रे या दोघांना. ग्रे म्हणजे तेच, ज्यांच्या नावानं आज शेकाचा डोस मोजतात. फाइलवर ‘2 ग्रे’ लिहिलेलं असतं ना, तेच. फुफ्फुसाच्या कॅन्सरचे पातळ काप मायक्रोस्कोपखाली ठेवले, तर पेशींच्या वळकट्या दिसल्या. रक्तवाहिन्या वळकटीच्या बाहेरून, आत एकही नाही. बारीक वळकटी आतपर्यंत जिवंत. जाड वळकटीच्या मधोमध मात्र मेलेल्या पेशींचा गाळ. मग मोजायला बसले. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. मध्यापासून काठापर्यंत 160 मायक्रॉनपेक्षा कमी अंतर असलेल्या वळकटीत गाळ नाही. 200च्या वर गेली की गाळ असणारच. आणि वळकटी केवढीही फुगू दे, जिवंत कड 180च्या पुढे जात नाही! मग कागदावर गणित मांडलं. रक्तातून निघालेला ऑक्सिजन, वाटेतल्या पेशी पीत असताना, किती लांब पोचेल? उत्तर आलं साधारण 150 मायक्रॉन. वहीच्या दीड कागदाची जाडी. पुन्हा सांगतो, दीड कागद! काचेवर दिसलेलं आणि गणितानं सांगितलेलं, दोन्ही जुळलं.

आपल्याकडे उजनीच्या कालव्याचं असंच होतं. हेडवाले, म्हणजे कालव्याच्या तोंडाशी असलेले, पितात, टेलचं, म्हणजे शेवटाचं, रान कोरडं. गाठीत टेलच्या पलीकडे मेल्या त्या पेशी मेल्या, त्यांची भीती नाही. भीती आहे मधल्या अर्धपोटी पट्टीची. त्या पेशी जिवंत असतात आणि शेकाला दाद देत नाहीत. किरणांनी डीएनएवर केलेला घाव पक्का व्हायला त्याच क्षणी तिथं ऑक्सिजन लागतो. नसला, तर पेशीतली रसायनं घाव बुजवतात. तेवढ्याच पेशी मारायला मग अडीच ते तीन पट डोस लागतो. अडीच ते तीन पट! शिवाय उपाशी पेशी नव्या, गळक्या रक्तवाहिन्या ओढून घेते, पसरायला लागते.

म्हणून शेक एकदम देत नाहीत. तोंडाच्या कॅन्सरला बहुतेक रोज 2 ग्रे, आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे. काठावरच्या पेशी मेल्या की त्यांच्या वाटणीचा ऑक्सिजन आतल्यांना मिळतो आणि पुढचे डोस त्यांना लागू पडतात.

आता बिडी. तिच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात ऑक्सिजन वाहणाऱ्या हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींनी घट्ट धरतो. साध्या ऑक्सिमीटरला हा फरक ओळखता येत नाही, बिडी ओढून आलेल्यालाही तो अठ्ठ्याण्णव दाखवेल. शेक चालू असताना बिडी म्हणजे टेलचं पाणी हेडलाच अडवणं. आणि मिश्रीला धूर नसला तरी तीही तंबाखूच. तिला दातांचं मंजन म्हणणं सोलापुरात आता बंद व्हायला हवं. सुनेच्या हातात मिश्रीची डबी देणारी सासू तिला आजारच देते.

रक्ताकडेही बघा. गर्भाशयाच्या तोंडाच्या कॅन्सरमध्ये अंगावरून जाऊन हिमोग्लोबिन उतरतं. शेक चालू असताना ते दर आठवड्याला तपासून घ्या. 10च्या खाली आलं तर रक्त चढवायचं का, हे डॉक्टरांना विचारा. रक्तवाढीची एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं मनानं घेऊ नका. डोक्या-मानेच्या कॅन्सरवरच्या चाचण्यांत त्यांनी उलट नुकसान झालेलं दिसलं आहे.

आणि गड्ड्याची यात्रा असो की घरचं लग्न, खाडा नको. उरलेल्या पेशी त्या सुट्टीत वाढतात. पडलाच खाडा, तर त्याच दिवशी फोन करा. शनिवारी जादा डोस देऊन किंवा एकाच दिवशी किमान सहा तासांच्या अंतरानं दोन डोस देऊन तो भरून काढता येतो, पण डॉक्टरांना वेळेत कळलं तर.