भूतानमधल्या एका रात्रीचे बाराशे रुपये

नमस्कार श्रोतेहो.

भूतानची सहल ठरवताना घरोघरी एक वाक्य ऐकू येतं. "देश सुंदर आहे म्हणे, पण नुसतं राहायचेही पैसे घेतात!" हॉटेल, गाडी, जेवण हे सगळं वेगळं. त्यावर भारतीय पाहुण्याकडून माणशी, दर रात्री १२०० रुपये. त्याला तिथे शाश्वत विकास शुल्क म्हणतात. नऊ वर्षांच्या मुलाला निम्मे म्हणजे ६००, चार वर्षांच्या मुलाला माफ. आई, वडील आणि ही दोन मुलं आत ६ रात्री राहिली, तर दोघा मोठ्यांचे १४,४०० आणि मोठ्या मुलाचे ३,६००, असे १८,००० रुपये फक्त या शुल्काचे होतात. रक्कम डोळ्यांवर येते, हे खरंच.

पण पर्यटनातून कुणाला काय मिळतं आणि कुणाचं काय जातं, हे समजून घ्यायला ही पावती फार उपयोगी आहे. इतर ठिकाणीही पाहुण्यामुळे रस्ता खचतो, पाणी संपतं, कचरा वाढतो. तो खर्च गावकरी मुकाट्याने सोसतात. आपल्या माथेरानला दस्तुरी नाक्यावर गाडी थांबते आणि नगरपालिका प्रवासी कर घेते, तेवढाच काय तो आपल्या ओळखीचा नमुना. भूतानने तेच तत्त्व अख्ख्या देशाला लावलं.

त्याची सुरुवात १९७४ ची. जिग्मे सिंग्ये वांगचुक यांच्या राज्याभिषेकाच्या वर्षी भूतानने परदेशी प्रवाशांना दार उघडलं आणि पहिल्यापासून धोरण ठेवलं की माणसं कमी यावीत, पण प्रत्येकाने नीट खर्च करावा. पुढे अनेक वर्षं युरोप-अमेरिकेच्या पाहुण्याला हंगामात दिवसाला किमान २५० डॉलर आणि इतर महिन्यांत २०० डॉलर भरावे लागत. त्यात हॉटेल, जेवण, गाडी, गाईड सगळं यायचं आणि ६५ डॉलर सरकारी तिजोरीत जायचे. भारत, बांगलादेश आणि मालदीवच्या लोकांना यातलं काहीच नव्हतं. परिणाम काय झाला? २०१९ मध्ये सुमारे ३ लाख १५ हजार पाहुणे आले, आणि चारातले जवळजवळ तीन भारतीय होते. देशाची लोकसंख्या आठ लाखांच्या आत. सीमेवरच्या आपल्या जयगावहून सकाळी निघालेल्या गाड्यांची रांग राजधानी थिंफूच्या रस्त्यावर, आणि दुपारी तीच माणसं दोचुलाच्या खिंडीत.

दोचुलाला १०८ छोर्तेन आहेत. छोर्तेन म्हणजे स्तूप. २०१९ च्या ऑक्टोबरमध्ये मोटरसायकलवरून आलेला एक भारतीय प्रवासी तिथल्या एका छोर्तेनवर चढला आणि त्याचे फोटो सगळीकडे फिरले. भूतानी लोकांना ते फार लागलं, आणि लागणारच. पंढरीच्या वाटेवरच्या पादुकांवर कुणी बूट घालून उभं राहिलं तर आपल्याला काय वाटेल? पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, आपल्यासाठी १२०० चं शुल्क लागू करण्याचा कायदा आला. त्या एका प्रसंगामुळे तो आला असं नाही, विचार आधीपासून चालू होता. पण गर्दी म्हणजे काय, हे त्या फोटोने अख्ख्या देशाला दाखवलं.

आता दुसरी बाजू. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे सीमा बंद झाली ती थेट सप्टेंबर २०२२ मध्ये उघडली. अडीच वर्षं गाईड, ड्रायव्हर, छोटी हॉटेलं यांच्या हातात काही नव्हतं. आणि उघडताना सरकारने इतर परदेशी पाहुण्यांसाठीचं शुल्क ६५ वरून एकदम २०० डॉलरवर नेलं. माझ्या मते इथे चूक झाली. तत्त्व बरोबर होतं, वेळ चुकली. ज्याने कर्ज काढून वीस खोल्यांचं हॉटेल बांधलं, त्याला रिकाम्या खोल्यांचा हप्ता भरावा लागला. शुल्क सरकारकडे जातं, हॉटेलवाल्याकडे नव्हे, आणि पाहुण्याचं बजेट ठरलेलं असतं. तो शुल्कात जास्त घालवतो तेव्हा मुक्काम कमी करतो, खोली स्वस्त घेतो, दुकानात हात आखडता घेतो. सप्टेंबर २०२३ पासून ते शुल्क १०० डॉलरवर आणलं गेलं. आपले १२०० मात्र तेच राहिले.

हा पैसा तिथे कशाला लागतो? भूतानच्या राज्यघटनेत दहावीपर्यंतचं शिक्षण मोफत आहे, प्राथमिक आरोग्यसेवा मोफत आहे, आणि देशाची ६० टक्के जमीन कायम जंगलाखाली ठेवायची असं बंधन आहे. म्हणजे लाकूडतोड वाढवून पैसा उभा करायचा रस्ता बंद. याशिवाय वर्षभराच्या अत्यावश्यक आयातीला पुरेल इतकं परकीय चलन राखायचं, हेही घटनेतच लिहिलंय. तिथलं चलन न्गुल्ट्रम, आपल्या रुपयाशी एकास एक बांधलेलं. इंधन आणि किराणा बहुतेक भारतातून जातो, म्हणून त्यांना भारतीय रुपयेही हवे असतात. २०१२ मध्ये ते रुपये आटले होते आणि व्यवहार अडले होते. वीज विकणं आणि पाहुणे बोलावणं, या पैसा येण्याच्या दोन मोठ्या वाटा.

पण आलेला सगळा पैसा राहत नाही, हे नीट लक्षात घ्या. तुम्ही आपल्या शहरातल्या कंपनीला एकरकमी पैसे भरता. त्यातून विमानाचं तिकीट जातं, कंपनीचा नफा जातो. उरलेल्यातून हॉटेलच्या नाश्त्याला लागणारं पीठ, तेल, साखर बहुतेक सीमेपलीकडून, म्हणजे आपल्याच बाजूने चढलेलं असतं. पैसा पुढच्या दाराने आला आणि मागच्या दाराने गेला. म्हणून पाहुण्यांची संख्या वाढली की गाव श्रीमंत होतं, हे समीकरण मला पटत नाही. पाहुणा काय खातो, कुठे झोपतो आणि कुणाच्या हातात पैसे देतो, यावर ते ठरतं.

शुल्काने एक गोष्ट साधली नाही. गर्दी कमी झाली तरी ती त्याच तीन खोऱ्यांत राहिली, पारो, थिंफू, पुनाखा. पूर्वेकडचे जिल्हे अजून वाट पाहतायत. पाच रात्रींचा ठरलेला कार्यक्रम असला की पूर्वेला जायला दिवसच उरत नाहीत.

आणि या ठरलेल्या कार्यक्रमाचं टोक म्हणजे तक्तसांग, वाघिणीची गुहा. कड्याला चिकटलेला मठ, उंची सुमारे ३१२० मीटर. पायथा २६०० च्या आसपास, म्हणजे चढ पाचशे मीटरचा, सिंहगडापेक्षा फार मोठा नाही. तरी लोक हाशहुश करतात, कारण हवा विरळ आहे. पारोच्या विमानतळावर उतरल्याच्या दुसऱ्या दिवशी हा चढ ठेवू नका, सहलीच्या शेवटी ठेवा. सकाळी सात-साडेसातला चालायला लागा, दोन ते तीन तास धरा. तिकीट २००० चं आहे आणि ते पायथ्यालाच मिळतं. वर जाऊन "इथे देतो" म्हणणारे रिकाम्या हाताने परत येतात. मोबाईल, कॅमेरा दारात ठेवावा लागतो, अंगभर कपडे लागतात. घोडा फक्त निम्म्या वाटेपर्यंत, कॅफेटेरियापर्यंत नेतो. उतरताना घोडा नाही, आणि गुडघ्यांचा खरा कस उतारावर, मठाअलीकडच्या शेकडो पायऱ्यांवर लागतो. घोड्यांच्या खुरांनी पावसाळ्यात वाट उकरली जाते, चिखल होतो, मग चालणारे बाजूच्या झाडीतून नवी वाट पाडतात. चालवत असेल तर चालाच, घोडा घेऊ नका.

याउलट फोबजिखाचं खोरं बघा. हिवाळ्यात तिथे काळ्या मानेचे क्रौंच उतरतात, साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत. त्यांचे पंख तारांत अडकू नयेत म्हणून खोऱ्यातली वीज जमिनीखालून नेली. खर्च जास्त आला, पण पक्षी राहिले, आणि पक्ष्यांमुळे पाहुणे, पाहुण्यांमुळे बटाटा पिकवणाऱ्या घरांना दुसरं उत्पन्न. पर्यटनाने निसर्ग राखल्याचं इतकं स्वच्छ उदाहरण मला दुसरं सुचत नाही.

जाणाऱ्यांसाठी कागदांचं सांगतो, कारण सीमेवर बहुतेकांचं इथेच अडतं. पासपोर्ट किंवा मतदार ओळखपत्र, यापैकी एक हवं. आधार कार्ड चालत नाही. पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक असावी. मुलांना पासपोर्ट नसेल तर जन्मदाखला, आणि तो इंग्रजीतला. जयगावपलीकडच्या भूतानी गावात, फुंटशोलिंगच्या खिडकीवर, मराठी दाखला कुणाला वाचता येत नाही. थिंफू-पारोच्या पलीकडे जायचं तर परवानाधारक गाईड सोबत लागतो आणि होंगत्सोच्या चौकीवर कागद तपासतात. घड्याळ अर्धा तास पुढे करा. नियम मधूनमधून बदलतात, म्हणून निघायच्या आठवड्यात भूतानच्या पर्यटन खात्याच्या संकेतस्थळावर एकदा बघून घ्या.

आणि शक्य असेल तर एक रात्र हॉटेलाऐवजी शेतकऱ्याच्या घरी काढा. फोबजिखात आणि 'हा' नावाच्या खोऱ्यात अशी घरं आहेत. लाल भाताबरोबर एमा दात्शी मिळेल, म्हणजे मिरच्या आणि चीजची भाजी. तिखट कमी सांगितलं तरी आपल्या ठेच्याला मागे टाकते. संध्याकाळी गरम दगडांची आंघोळ विचारतील. लाकडी हौदात पाणी आणि रानातला पाला, आणि बाहेरच्या आगीत तासन्‌तास लाल केलेले दगड एका कप्प्यात सोडतात. पाणी चर्रर्र करून उकळतं. सुख आहे. पण त्या दगडांमागे लाकडाची चांगली मोळी जळते, म्हणून घरातल्या चौघांसाठी चार वेगळ्या वेळा मागू नका. एकदा दगड तापले की पाठोपाठ उरका.

भूतानी नोटा परत आल्यावर इथे कुणी घेत नाही. खिशात उरतील त्या, ज्या शेतकऱ्याच्या घरी राहिलात तिथल्या बाईकडून वाळवलेल्या मिरच्या घेऊन संपवा.

नमस्कार.