पिंजऱ्यात कोण नव्हतं?

एका तारखेपासून सुरुवात करतो. ८ ऑगस्ट १९४५. त्या दिवशी लंडनमध्ये अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ या चार सरकारांनी एका करारावर सह्या केल्या. नाझी पुढाऱ्यांवरचा न्युरेंबर्गचा खटला याच कराराच्या आधारे चालला. त्याला जोडलेल्या सनदेत युद्धगुन्ह्यांची यादी आहे. शहरं आणि गावं बेफामपणे उद्ध्वस्त करणं हा त्या यादीतला एक गुन्हा. आता तारीख पुन्हा बघा. हिरोशिमावर बॉम्ब पडून दोन दिवस झाले होते. नागासाकीवर तो दुसऱ्या दिवशी पडला.

आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायाचा जन्म हा असा आहे. पण ‘बळी तो कान पिळी, जगाची रीतच ही’ एवढं बोलून मला आज उठायचं नाही. असं म्हणणाऱ्याला पुढे काहीच करावं लागत नाही, म्हणून ते वाक्य फार सोयीचं आहे.

न्युरेंबर्गला कार्ल ड्योनिट्स हा जर्मन नौदलप्रमुख आरोपी होता. त्याच्या पाणबुड्यांनी पूर्वसूचना न देता जहाजं बुडवली, असा त्याच्यावर एक आरोप. त्याच्या वकिलाने अमेरिकेचे अ‍ॅडमिरल निमित्झ यांच्याकडून लेखी उत्तरं मागवली. निमित्झ यांनी प्रामाणिकपणे कळवलं की पॅसिफिकमध्ये आम्हीही पहिल्या दिवसापासून हेच केलं. न्यायालयाने ड्योनिट्सला दहा वर्षांची कैद दिली, आणि निकालात नोंदवलं की पाणबुडीयुद्धाचे नियम मोडल्याबद्दल ही शिक्षा नाही. म्हणजे काय झालं? जेत्यांनीही तेच केल्याचं कागदावर आलं, तेव्हा जेत्यांवर खटला झाला नाही. तो मुद्दाच शिक्षेतून वगळला गेला. समुद्रात बुडालेले खलाशी दोन्ही बाजूंचे होते. दाद कुणालाच मिळाली नाही.

मग टोकियो. ३ मे १९४६ ला तिथला खटला सुरू झाला. अकरा न्यायाधीश, अठ्ठावीस आरोपी. दोघे खटला चालू असतानाच वारले, एकाला मनोरुग्ण म्हणून वगळलं, उरलेले पंचवीसच्या पंचवीस दोषी ठरले आणि त्यांपैकी सात जणांना डिसेंबर १९४८ मध्ये फाशी झाली. सम्राट हिरोहितो यांच्यावर आरोपच ठेवला नव्हता. मांचुरियात जिवंत माणसांवर जंतूंचे प्रयोग करणाऱ्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीचा प्रमुख शिरो इशी पिंजऱ्यात आला नाही, कारण त्या प्रयोगांची माहिती अमेरिकेला हवी होती आणि तिच्या बदल्यात त्याला अभय मिळालं. कोरिया ही जपानची वसाहत. तिथल्या लोकांनी जे भोगलं ते सांगायला त्यांचा न्यायाधीशही नव्हता.

भारताकडून गेलेले न्यायाधीश होते राधाबिनोद पाल. त्यांचं असहमतीचं निकालपत्र बाराशेहून जास्त पानांचं आहे. युद्ध सुरू करणं हा १९४५ पूर्वीच्या कायद्यात गुन्हा नव्हता, मग मागाहून केलेल्या कायद्याने फाशी कशी देता, हा त्यांचा कायद्याचा मुद्दा. दुसरा मुद्दा अधिक बोचरा होता: नाझींच्या हुकुमांच्या जवळ जाणारं पॅसिफिकच्या युद्धात काही असेल, तर तो अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय. पाल यांनी सगळ्या आरोपींना सर्व आरोपांतून निर्दोष ठरवलं.

आपल्याकडे पाल यांचं नाव अभिमानाने घेतलं जातं. मलाही तो अभिमान आहे. पण फौजदारी वकिलीत तीस वर्षं काढल्यावर मला असं वाटतं की पाल यांचा प्रश्न बरोबर होता आणि उत्तर चूक. चीनमधल्या नानकिंग शहरात जपानी सैन्याकडून अत्याचार झाले, पुरावा भरपूर आहे, हे त्यांनी स्वतः लिहिलंय; त्या अत्याचारांची जबाबदारी पिंजऱ्यातल्या माणसांपर्यंत पोचत नाही, असं ते म्हणाले. तिथे मला त्यांच्यासोबत जाता येत नाही. आज टोकियोत जपानच्या युद्धमृतांसाठी असलेल्या यासुकुनी देवस्थानात पाल यांचं स्मारक आहे, आणि नानकिंग घडलंच नाही म्हणणारे लोक त्यांच्या नावाचा आधार घेतात. हे पाल यांच्यावर अन्याय करणारं आहे, पण त्याला वाट त्यांच्या उत्तरानेच करून दिली.

आमच्या जिल्हा न्यायालयात हा युक्तिवाद मी असंख्य वेळा ऐकलाय. ‘साहेब, त्यानंपण मारलं होतं, त्याला कुठं धरलंय?’ न्यायाधीश म्हणतात, त्याची फिर्याद वेगळी द्या, इथे तुमचं बोला. आपलं सर्वोच्च न्यायालय वेगळ्या शब्दांत हेच सांगत आलंय: राज्यघटनेच्या चौदाव्या कलमाखाली चुकीमध्ये समानता मागता येत नाही. दुसऱ्याला सुटका मिळाली म्हणून मलाही द्या, असा हक्क नाही. मात्र दुसऱ्याची फिर्याद घेतली जाते का, हे विचारण्याचा हक्क आहे. हेगमधल्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात आज जे चाललंय ते मी याच नजरेने बघतो.

१७ जुलै १९९८ ला रोममध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा कायदा मंजूर झाला. १२० देश बाजूने, ७ विरुद्ध, २१ तटस्थ. अमेरिका आणि चीन विरुद्ध, भारत तटस्थ. आज सव्वाशेच्या आसपास देश सदस्य आहेत. अमेरिका, रशिया, चीन आणि आपण बाहेर आहोत. सदस्य नसलेल्या देशात गुन्हा घडला, तर सुरक्षा परिषद तो विषय न्यायालयाकडे पाठवू शकते. सुदानमधल्या दारफूरसाठी २००५ मध्ये तसं झालं. त्याच ठरावात एक कलम घातलं गेलं की सुदान सोडून इतर बिगरसदस्य देशांचे सैनिक तिथल्या आंतरराष्ट्रीय मोहिमेत असले तर त्यांच्यावर हे न्यायालय हात टाकणार नाही. सीरियासाठी मे २०१४ मध्ये तसाच ठराव आला. तेरा मतं बाजूने पडली, रशिया आणि चीनने नकाराधिकार वापरला. विषय तिथेच संपला.

पण मला जास्त वेळ अफगाणिस्तानवर द्यायचा आहे. अफगाणिस्तान २००३ मध्ये सदस्य झाला. त्या भूमीवर गुन्हा कुणीही केला, तरी न्यायालयाला अधिकार पोचतो. न्यायालयाच्या अभियोक्ता, म्हणजे तपास करून खटला चालवणाऱ्या, फातू बेनसूदा यांनी २०१७ मध्ये तपासाची परवानगी मागितली: तालिबान, अफगाण सरकारी दलं, आणि कैद्यांच्या छळाच्या आरोपांवरून अमेरिकन सैनिक आणि सीआयए. एप्रिल २०१९ मध्ये अमेरिकेने बेनसूदांचा व्हिसा रद्द केला. त्यानंतर काही दिवसांतच न्यायाधीशांनी परवानगी नाकारली. गुन्हे घडल्याचं मानायला वाजवी आधार आहे, हे त्यांनी मान्य केलं. पण सहकार्य मिळणार नाही, म्हणून तपास ‘न्यायाच्या हिताचा’ नाही, असं लिहिलं. मार्च २०२० मध्ये अपिलात तो निर्णय फिरला, परवानगी मिळाली. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेने थेट बेनसूदांवरच निर्बंध लादले. ते निर्बंध पुढच्या सरकारने एप्रिल २०२१ मध्ये उठवले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये नवे अभियोक्ता करीम खान यांनी जाहीर केलं की साधनं मर्यादित आहेत, आता तालिबान आणि इस्लामिक स्टेटकडे लक्ष देऊ, बाकीच्यांना अग्रक्रम नाही.

साधनं मर्यादित असतात, हे मला कळतं. आमच्याकडेही तपास अधिकाऱ्याच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो आणि कुठली फाइल तळाला जाते, तेही आम्हाला ठाऊक असतं. त्या छळकोठड्यांतून बाहेर आलेल्या माणसांच्या बाजूने वकील अपिलात उभे राहिले होते. त्यांना हरवणारा निकाल कुणी दिला नाही. त्यांची फाइल फक्त खाली गेली. या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोठा अन्याय मला हा वाटतो, कारण ज्यावर अपील करावं असा निकालच इथे हाती नाही.

नोव्हेंबर २०२४ मध्ये इस्रायलचे पंतप्रधान नेतान्याहू यांच्या नावे वॉरंट निघालं. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकेने करीम खान यांच्यावर निर्बंध लादले, मग काही न्यायाधीशांवरही. एप्रिलमध्ये सदस्य असलेल्या हंगेरीने नेतान्याहूंचं बुडापेस्टमध्ये स्वागत केलं आणि त्याच दिवशी न्यायालय सोडण्याची घोषणा केली. पुतिन यांच्यावर मार्च २०२३ पासून युक्रेनमधली मुलं बेकायदा हलवल्याबद्दल वॉरंट आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ते मंगोलियाला जाऊन आले. मंगोलियाही सदस्य. कुणी हात लावला नाही.

तरीही वॉरंट म्हणजे नुसता कागद नव्हे. ऑगस्ट २०२३ मध्ये जोहान्सबर्गला ब्रिक्सची परिषद होती आणि पुतिन तिथे गेले नाहीत, पडद्यावरून बोलले. युगोस्लाव्हियाचे मिलोसेविच यांच्यावर १९९९ मध्ये तिथल्या युद्धांसाठी नेमलेल्या वेगळ्या न्यायालयाचं आरोपपत्र आलं तेव्हा ते राष्ट्राध्यक्ष होते. दोन वर्षांनी हेगच्या कोठडीत होते. फिलिपिन्सचे दुतेर्ते यांनी देशाला न्यायालयातून बाहेर काढलं आणि मार्च २०२५ मध्ये मनिलाच्या विमानतळावर अटक झाली ती त्यांनाच. सत्ता जाते आणि वॉरंटला मुदत नसते. हे मोठ्या महासत्तेच्या माणसाबाबत अजून एकदाही घडलेलं नाही, हेही तितकंच खरं.

आता आपलं. रोममध्ये भारताचा आक्षेप होता की सुरक्षा परिषदेला असा विशेषाधिकार देणं समानतेच्या विरुद्ध आहे, आणि अण्वस्त्रांचा वापर गुन्ह्यांच्या यादीत नाही. दोन्ही आक्षेप मला पटतात. पण डिसेंबर २००२ मध्ये आपण अमेरिकेशी करार केला, की एकमेकांच्या नागरिकांना संमतीशिवाय या न्यायालयाच्या हवाली करायचं नाही. विशेषाधिकाराला विरोध करणाऱ्या देशाने त्यातला एक तुकडा स्वतःसाठी घेतला. मला याचं वाईट वाटतं.

बाहेरच राहायचं असेल तर घरात तरी कायदा हवा. वंशसंहारविरोधी करार आपण १९५९ मध्येच स्वीकारला आहे. १७ डिसेंबर २०१८ ला दिल्ली उच्च न्यायालयाने १९८४ च्या शीखविरोधी हिंसाचारात सज्जन कुमार यांना जन्मठेप सुनावली. त्या निकालात न्यायालयाने लिहिलं की मानवतेविरुद्धचे गुन्हे आणि वंशसंहार हे दोन्ही आपल्या देशी कायद्यात नाहीत आणि ही उणीव तातडीने भरली पाहिजे. इथे कायद्याचे विद्यार्थी बसलेत; तो निकाल काढून वाचा, आणि मग १ जुलै २०२४ ला लागू झालेली भारतीय न्याय संहिता उघडा. ते दोन्ही गुन्हे तिच्यात नाहीत.