रंग तळाशी बसतो

(दृश्य : सकाळ. माहीममधल्या एका जुन्या इमारतीतलं स्वयंपाकघर. खिडकीच्या गजांना टेकून उभी काचेची बरणी. तिच्या तोंडावर पांढरं फडकं बांधलेलं.)

आठ दिवस झाले, ही बरणी या खिडकीत आहे. सकाळचं ऊन इथे दोन-अडीच तास असतं. तेवढ्या वेळात आई ती तीनदा फिरवते, म्हणजे सगळ्या बाजूंना ऊन लागतं. आत रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या फळाच्या, साली आहेत. फळ अर्धं कापायचं, बिया काढायच्या, उरलेल्या लाल वाटीत साखर भरायची आणि वाटीवर वाटी रचत जायचं. बाकीचं काम ऊन आणि साखर करतात. साखर सालीतला रस ओढून घेते, स्वतः विरघळते आणि बरणीच्या तळाशी गडद लाल पाक साठत जातो. अमृत कोकम ते हेच.

या बरणीतला एक चमचा आज टकीलाच्या ग्लासात जाणार आहे. आईला मी हे आधीच सांगून ठेवलं होतं. ती म्हणाली, "घे की. फक्त बरणीत ओला चमचा बुडवू नकोस."

(दृश्य : ओट्यावर मांडलेली फळं. शेवटचे चार हापूस, एक अननस, दोन मोठी डाळिंबं, लिंबं. बाजूला टकीलाची बाटली.)

दोन वर्षांपूर्वी दादाच्या वाढदिवसाला मी पहिल्यांदा घरी टकीला सनराइज करायला घेतलं होतं. खाली लाल, मध्ये केशरी, वर पिवळं, उगवत्या सूर्यासारखं दिसणारं ते पेय. आज ते ज्या रूपात जगभर मिळतं, ते १९७० च्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या सॉसालिटो गावात तयार झालं. १९७२ च्या दौऱ्यात रोलिंग स्टोन्स या रॉक बँडच्या मंडळींना ते आवडलं आणि त्यांच्याबरोबर ते गावोगाव पोचलं. कृती सोपी आहे : ४५ मिली टकीला, ९० मिली संत्र्याचा रस, १५ मिली ग्रेनाडिन.

हे ग्रेनाडिन मी दुकानातून आणलं होतं. बाटली सुंदर, रंग झगझगीत. घोट घेतल्यावर मात्र लहानपणच्या खोकल्याच्या औषधाची आठवण झाली. मग बाटली फिरवून मागचं बारीक अक्षर वाचलं. साखर, पाणी, सायट्रिक आम्ल, रंग, स्वाद. डाळिंबाचं नावसुद्धा नव्हतं. फ्रेंचमध्ये डाळिंबाला ग्रेनाड म्हणतात, त्यावरूनच ग्रेनाडिन हे नाव आलं. नावात डाळिंब आहे, बाटलीत नाही. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण माझ्या वहिनीचं माहेर सोलापूर जिल्ह्यातल्या सांगोल्याचं. ज्या घरात दरवर्षी डाळिंबाची पेटी येते, त्या घरात मी लाल रंगाचं साखरपाणी विकत आणलं होतं.

(दृश्य : वहिनीचे हात. सुरीने डाळिंबाचा मुकुट कापून काढतात. सालीवर उभ्या चिरा.)

सोलापूरच्या डाळिंबाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्रही सोलापुरातच आहे. या दुष्काळी मुलखात डाळिंब इतकं का रमलं, ते वहिनी सांगते तेव्हा ऐकत राहावं. झाडाचं पाणी आधी तोडायचं. याला ताण देणं म्हणतात. पानं गळतात, झाड वाळल्यासारखं दिसतं. मग पाणी सोडलं की ते फुलांनी भरून जातं. शेतकरी याला बहार धरणं म्हणतो. मृग, हस्त आणि आंबे असे तीन बहार आहेत. पाणी कधी आहे आणि बाजार कधी आहे ते बघून बागायतदार त्यातला एक धरतो.

वहिनी डाळिंब सुरीने आरपार कापत नाही. मुकुट काढते, पांढऱ्या रेषांवरून वरवर चिरा देते आणि पाण्याने भरलेल्या पातेल्यात फळ बोटांनी उकलते. बघा, दाणे खाली जातात आणि पांढरे पापुद्रे वर तरंगतात. एक दाणाही फुटत नाही, ओट्यावर एकही डाग नाही. हे पातेलं लक्षात ठेवा. ग्लासात पुढे जे होणार आहे, ते इथेच आधी दिसतंय : जड ते खाली, हलकं ते वर.

दाणे मिक्सरमध्ये. पण मिक्सर नुसता झटका देऊन बंद करायचा, दोनदा किंवा तीनदा. जास्त फिरवला तर आतली बी भरडली जाते आणि रस तुरट होतो. मग मलमलच्या फडक्यातून गाळायचं. दोन मोठ्या डाळिंबांचा वाटीभर रस निघतो. त्यात वाटीभर साखर घालून मंद आचेवर ठेवायचं आणि साखर विरघळली की गॅस बंद. उकळू द्यायचं नाही. उकळलं की ताज्या फळाचा वास उडतो आणि काकवीसारखी चव येते. शेवटी अर्ध्या लिंबाचा रस. झालं ग्रेनाडिन. फ्रिजमध्ये दोन आठवडे सहज राहतं.

(दृश्य : दोन छोट्या वाट्या शेजारी शेजारी. एकीत डाळिंबाचा पाक, दुसरीत अमृत कोकम. खिडकीतला उजेड दोन्हींतून आरपार.)

वाद इथे सुरू झाला. वहिनी म्हणते डाळिंब, आई म्हणते कोकम. डाळिंबाचा लाल मऊ आहे, जरा गुलाबीकडे झुकणारा, आणि चव गोल. कोकमाचा लाल जांभळटपणाकडे जातो आणि जिभेच्या कडांना आंबट लागतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गच्या कोकमालाही २०१६ मध्येच मानांकन मिळालं, हे मी सांगितल्यावर दोघी हसल्या. शेवटी दोन्ही अर्धे अर्धे घेतले. मी मनापासून सांगते, नुसत्या डाळिंबापेक्षा हे मिश्रण चांगलं लागतं. आंब्याच्या गोडीला कोकमाचा आंबटपणा हवाच असतो. तुम्हाला घरी कोकम घालायला जमत नसेल तर दादर पश्चिमेला कोकणी मेव्याच्या दुकानांत अमृत कोकम मिळतं. घेताना आगळ उचलू नका. आगळ खारं असतं, ते सोलकढीचं.

(दृश्य : टकीलाची बाटली जवळून. मग घाटातला रेल्वेमार्ग, उतारावर काटेरी निळसर पानांचे झुबके.)

आता बाटलीकडे वळू. टकीला निवडुंगापासून होते असं सरसकट म्हटलं जातं. ते बरोबर नाही. ती निळ्या अगावेपासून होते, आणि अगावेची भावंडं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. माळावर, शेताच्या बांधावर, रेल्वेच्या कडेला उभं असतं ते घायपात. लांब, जाड, टोकाला काटा असलेली पानं. गावाकडे याच पानांच्या वाखाचे दोर वळत. घायपात मूळचं अमेरिका खंडातलंच, इथे ते नंतर आलं आणि रुजलं. आयुष्यात एकदाच त्याला उंच दांडा येतो, फुलतो, आणि मग झाड मरतं.

मेक्सिकोच्या हालिस्को राज्यात शेतकरी तो दांडा वाढूच देत नाहीत, कारण झाडाने वर्षानुवर्षं साठवलेला सगळा जीव त्या फुलण्यात खर्च होतो. सहा-सात वर्षं थांबायचं, मग लांब दांड्याच्या धारदार पात्याने पानं तासून काढायची. मध्ये उरतो एक भलामोठा गड्डा, दिसायला अननसासारखा. तिथे त्याला म्हणतातच पिन्या, म्हणजे अननस. हा गड्डा भट्टीत भाजतात, तेव्हा त्यातली साखर मोकळी होते. मग रस काढून आंबवायचा आणि दोनदा ऊर्ध्वपातन करायचं. हालिस्को आणि आणखी चार राज्यांतल्या ठरावीक भागांत बनलेल्या मद्यालाच टकीला म्हणता येतं, हे १९७४ पासून संरक्षित आहे. अगावेची ती निळी शेतं २००६ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेली.

विकत घेताना एवढंच बघा : लेबलवर शंभर टक्के अगावे लिहिलंय का. तसं लिहिलेलं नसेल तर किमान ५१ टक्के साखर अगावेची आणि उरलेली दुसरी कुठलीही असू शकते. या पेयाला ब्लांको, म्हणजे लाकडी पिंपात न मुरवलेली, पाण्यासारखी स्वच्छ टकीला लागते. पिंपात मुरलेली सोनेरी टकीला इथे वाया जाईल, आणि आपल्या पेयात वरच्या थराला जो निळा रंग हवाय तो तिच्यात उतरणार नाही.

आणि हो, महाराष्ट्रात अशा मद्यासाठी वयाची २५ वर्षं पूर्ण लागतात आणि परवानाही लागतो. एका दिवसाचा परवाना दुकानात मिळतो. तो घ्या.

(दृश्य : गॅलरीतल्या कुंडीतला वेल. निळी गोकर्णाची फुलं. आईचा हात फुलं खुडतो.)

निळा रंग इथून येतो. ही फुलं आई रोज देवाला वाहते. आज नऊ फुलं देवाची आणि नऊ माझी. देठाकडची हिरवी टोपी काढायची, पाकळ्या काचेच्या भांड्यात टाकायच्या आणि त्यावर चार ग्लासांची टकीला, म्हणजे १८० मिली, ओतायची. दोन तासांत पाकळ्या फिक्या पडतात आणि टकीला निळीशार होते. फुलं घरच्या कुंडीतलीच घ्या. बाजारातल्या फुलांवर काय फवारलंय ते आपल्याला कळत नाही, आणि ती पिण्यासाठी वाढवलेली नसतात.

कोकम, डाळिंब आणि गोकर्ण, तिघांच्या रंगामागे एकाच घराण्यातली द्रव्यं आहेत, अँथोसायनिन्स. त्यांचा रंग आंबटपणावर ठरतो. आम्ल भरपूर असेल तर लाल, नसेल तर निळं. म्हणूनच गोकर्णाच्या निळ्यात लिंबू पडलं की तो जांभळा होतो.

(दृश्य : हापूस पिळताना रसाची धार. अननसाच्या फोडी. चाळणीतून गाळला जाणारा पिवळा रस.)

मूळ कृतीत संत्रं आहे. पण मे महिन्यात मुंबईत चांगलं संत्रं कुठून आणणार? हापूस समोर असताना ते शोधत फिरायची गरजही नाही. हापूसचा रस नुसता घातला तर फार दाट होतो. लाल पाक त्यातून खाली जातच नाही, मध्येच अडकून ओघळ धरतो. म्हणून निम्मा अननसाचा रस घालून पातळ करायचा आणि गाळायचा.

मला या ओट्यावर फार आनंद होतो तो याचसाठी. अननस आणि मिरची पोर्तुगीजांच्या जहाजांतून अमेरिका खंडातून इकडे आली. आपण अननस म्हणतो, पोर्तुगीजही अननसच म्हणतात. आंबा उलटा गेला. आशियातला आंबा फिलिपिन्समार्गे मनिलाच्या गलबतांतून मेक्सिकोच्या किनाऱ्याला लागला, आणि तिथे एका आंब्याला आजही मनिला म्हणतात. मेक्सिकोतली माणसं आंब्याच्या फोडीला मीठ, तिखट, लिंबू लावून खातात. आपल्या शाळेबाहेरच्या कैरीवालीसारखंच.

(दृश्य : उंच काचेचा ग्लास. कडेवर लिंबू फिरवून मीठ-तिखटात टेकवलेला. आत बर्फाचे मोठे खडे.)

आता ओतायचं. मापाला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीचं झाकण घ्या, त्यावर मिलीच्या खुणा असतात. चांगलं धुऊन मात्र. बर्फ आदल्या रात्री स्टीलच्या छोट्या वाट्यांत लावलेला आहे. मुंबईच्या हवेत बारीक बर्फ दोन मिनिटांत पाणी होतो आणि सगळे रंग फिके पडतात.

आंबा-अननसाचा रस १२० मिली, त्यातच चमचाभर लिंबू. मग लाल पाक १५ मिली, ग्लासच्या आतल्या भिंतीवरून, अगदी सावकाश.

(दृश्य : जवळून. लाल धार पिवळ्या रसातून खाली उतरते, तळाशी पसरते. पार्श्वसंगीत नाही. फक्त पंख्याचा आवाज.)

एक लिटर पाणी एक किलो भरतं. तेवढाच फळाचा रस साधारण १०४० ते १०५० ग्रॅम. निम्मी साखर असलेला पाक सुमारे १२३० ग्रॅम. आणि ४० टक्क्यांची टकीला साधारण ९५० ग्रॅम, पाण्याहूनही हलकी. म्हणून पाक तळ गाठतो आणि टकीला वर थांबते.

शेवटी निळी टकीला, ४५ मिली. चमचा उलटा धरायचा, टोक बर्फाला टेकवायचं आणि चमच्याच्या पाठीवरून ती सोडायची. वर निळा, मध्ये केशरी-पिवळा, खाली लाल. निळा जिथे आंबट रसाला टेकतो तिथे जांभळी रेघ उमटते. आमच्या पहिल्या ग्लासात वहिनीने टकीला घाईने ओतली, तेव्हा निळा आणि पिवळा मिसळून मातीसारखा रंग झाला होता. चव तीच, पण तो ग्लास कुणी उचलेना. दुसऱ्या वेळी तिने श्वास रोखून ओतलं.

हे गोड लागतं, आणि गोडात दारू कळत नाही. एका ग्लासात ४५ मिलीच, आणि जेवण बरोबर असू द्या. पिऊन झाल्यावर गाडीच्या किल्ल्या घरातच राहू द्या.

(दृश्य : संध्याकाळ. गॅलरी. इमारतींच्या फटीतून दिसणारा समुद्राचा तुकडा. कठड्यावर चार ग्लास.)

आई पीत नाही. तिच्या ग्लासात टकीलाच्या जागी गोकर्णाचं गार पाणी आहे. पाणीही रसापेक्षा हलकंच, तेही वरच राहिलं. चारही ग्लास शेजारी ठेवले तर तिचा कुठला ते ओळखू येत नाही, म्हणून वहिनीने तिच्या ग्लासावर तुळशीचं पान ठेवलंय.

पेयाचं नाव सूर्योदयाचं, पण माहीमच्या समुद्राला सूर्य फक्त मावळताना दिसतो. तो आता खाली टेकलाय. दादाने चमचा उचलला.

"थांब रे, ढवळू नकोस," आई म्हणाली. "आधी बघू तरी दे."

तिने लिंबाची फोड घेतली, आपल्याच ग्लासावर पिळली, आणि निळं जांभळं होईपर्यंत चष्मा वर सारून बघत राहिली.