दुसरं कोकरू

पहाट. फलटणच्या माळावर वाघरीच्या, म्हणजे जाळीच्या कुंपणाच्या आत मेंढरं रवंथ करत बसलीत. एक मेंढी मात्र कडेला जाऊन पायानं माती उकरतेय, बसतेय, पुन्हा उठतेय. थोड्या वेळानं कोकरू खाली येतं. ती त्याचं नाक चाटते, ते लटपटत उभं राहतं. पण मेंढका अजून तिथंच उकिडवा बसलाय. आत दुसरं आहे, हे त्याला ठाऊक आहे.

आपली दख्खनी मेंढी सहसा एकच कोकरू देते. काटक जनावर, माणदेशातून थेट कोकणात पायी जाऊन परत येणारं. तिच्या लोकरीची घोंगडी होते, पण धनगराच्या हाती खरा पैसा येतो तो कोकरू विकल्यावर. पाच महिने गाभण मेंढी सांभाळायची आणि ते एकुलतं कोकरू दगावलं की सगळं मुसळ केरात.

डॉ. चंदा निंबकर यांनी आपली कारकीर्द या एका आकड्यापायी वेचली. फलटणची निंबकर कृषी संशोधन संस्था, म्हणजे ‘नारी’, त्यांचे वडील बनबिहारी निंबकर यांनी १९६८ साली काढली. चंदाताईंनी तिथल्या पशुसंवर्धन विभागाची धुरा उचलली आणि एकाची दोन कोकरं कशी होतील, हा प्रश्न धरून ठेवला.

वाट सापडली सुंदरबनात. तिथली गॅरोल मेंढी दख्खनीच्या निम्म्यानं, दलदलीत गुडघाभर पाण्यात चरणारी. पण जुळं तिच्या पाचवीलाच पुजलेलं, तिळंही होतं. अठराव्या शतकाच्या अखेरीला अशीच बंगाली मेंढरं कोलकात्याहून जहाजानं ऑस्ट्रेलियात गेली होती. तिथल्या बुरूला मेरिनो या मेंढीच्या जातीतला जुळ्यांचा गुण त्यांच्याकडूनच आला असं मानतात.

हा गुण एकाच जनुकात आहे, नाव ‘फेकबी’. २००१ साली शास्त्रज्ञांनी तो नेमका हुडकला: डीएनएच्या मजकुरात फक्त एक अक्षर बदललेलं. तेवढ्यानं बीजांडकोशातली पुटिका, म्हणजे बीज वाढवणारी पिशवी, लहान असतानाच पिकते, आणि एका माजात एकाऐवजी दोन-तीन बीजं सुटतात.

आता खरी अडचण बघा. गॅरोलचा संकर केला की कोकरं बारकी होतात, ती धनगर घेईल कशाला? म्हणून संकरातून आलेली जनावरं पुन्हा दख्खनीकडे वळवायची, अंगापिंडानं दख्खनी आणि गुण तेवढा गॅरोलचा, असं पिढ्यान् पिढ्या निवडत जायचं. त्यात नर तर कधी वीत नाही. त्याच्यात जनुक आहे का, हे कळायला त्याच्या लेकी वयात येऊन विण्याची वाट पाहावी लागायची. जनुकाची चाचणी आली आणि कोकराच्या थेंबभर रक्तावर निवड होऊ लागली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची त्यात मोठी साथ मिळाली. याच कामावर चंदाताईंनी २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या न्यू इंग्लंड विद्यापीठाची पीएचडी मिळवली. दख्खनी, कर्नाटकातली बन्नूर आणि गॅरोल यांच्या रक्तातून उभ्या राहिलेल्या या मेंढीचं नाव ‘नारी सुवर्णा’.

मला या कामातली सर्वांत मोलाची वाटते ती पुढची पायरी. मेंढ्या फार्मवर ठेवून निबंध लिहिता आला असता. पण या मेंढ्या धनगरांच्या कळपात गेल्या, उन्हात, पावसात, वाटेवर. दोन जिवांना पोटात वाढवणाऱ्या मेंढीला शेवटच्या दीड महिन्यात जास्त खुराक लागतो. नाही मिळाला तर ती स्वतःच्या अंगातली चरबी जाळते आणि आजारी पडते. जुळं वजनानं हलकं असतं, थंडीत लवकर गारठतं. धनगरांच्या घरातल्या बाया अशी कोकरं डालग्याखाली झाकतात, आईला दूध कमी पडलं तर दुसऱ्या मेंढीला लावतात. जनुक प्रयोगशाळेत ओळखला, पण कोकरू जगवलं त्या हातांनी.

वाघरीत दुसरं कोकरू आलंय. पहिल्यापेक्षा बारकं. मेंढका त्याच्या तोंडावरचा चिकटा बोटानं पुसतो, घोंगडीच्या टोकानं अंग चोळतो आणि सडाशी धरतो. ते दोनदा चुकतं. तिसऱ्यांदा सड तोंडात येतो, शेपूट थरथरायला लागते. चीक पोटात गेला.